फावडंभर विस्तव

व्हल्मेरा, २८ नोव्हेंबर

प्रिय इलारिया,

दर रविवारी फोनवर तू विचारतेस, नवी शेगडी कशी चाललीय, आणि मी नुसतं 'चाललीय' म्हणतो. मग तू डब्लिनच्या पावसाबद्दल बोलतेस, मी इथल्या बर्फाबद्दल बोलतो आणि आपण फोन ठेवतो. मला फोनवर लांबण लावता येत नाही, हे तुला माहीत आहे. छत्तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ लोटायच्या गाडीत एकट्यानं काढली. बोलायची सवय लागली असती तरी बोललो कुणाशी असतो? म्हणून आज जेवणानंतर टेबल पुसलं, तुझी शाळेतली एक कोरी उरलेली वही शोधून काढली आणि लिहायला बसलोय. पत्र लांबेल. सावकाश वाच. मधेच उठून फोन करू नकोस, शेवटपर्यंत वाचल्यावर काय ते कर.

ऑगस्टपासून सुरुवात करतो, कारण निर्णय तेव्हाच झाला असं तू समजून आहेस. एप्रिलमध्ये तुझ्या आईनं पेटत्या लोखंडी चुलीत हात घालून ओंडका सरळ केला आणि तळहात भाजून घेतला. त्याच्या आधी, मार्चमध्ये, चुलीच्या भट्टीत तिनं धुतलेले टॉवेल व्यवस्थित घडी घालून ठेवले होते. धूर येईपर्यंत मला पत्ताच नाही. दर मंगळवारी येणारी ती नर्स, निव्हेस, हाताला पट्टी बांधता बांधता मला म्हणाली होती की सेव्हेरिनो, या घरातून एकतर ही चूल जाईल नाहीतर जेम्मा जाईल, दोघी यापुढे एकत्र राहू शकत नाहीत. खालच्या दरीतल्या वृद्धाश्रमात नाव घालून ठेव, असंही तिनं सुचवलं. हे सगळं मी तुला ऑगस्टमध्ये जेवताना सांगितलं. तू काटा खाली ठेवलास. "चूल जाईल, पापा. आई नाही. मला शब्द दे," असं म्हणालीस. तोंडात मक्याच्या पोलेंताचा घास होता, तरी मी शब्द दिला.

तुझी आई कसकशी विसरत गेली ते तुला नीट ठाऊक नाही. तू वर्षातून दोनदा येतेस, तुला वरची पायरी दिसते आणि खालची दिसते, मधल्या दिसत नाहीत. आधी शेजारणींची नावं गेली. मग बार्लीच्या सुपात काय काय पडतं ते गेलं. मग तुझा वाढदिवस, मग बटणं कशी लावायची ते, आणि गेल्या हिवाळ्यापासून अधूनमधून मी. पण पहाटे पाच वाजता उठून चूल पेटवणं गेलं नाही. अंगात उलटा स्वेटर, पायांत दोन वेगळे मोजे, आणि हात मात्र अगदी बरोबर: लार्चच्या बारीक झिलप्या आडव्या-उभ्या, वर बीचच्या लाकडाचे दोन फाटे, धुराड्याची झडप पूर्ण उघडी, एक काडी. दुसरी काडी तिला कधी लागली नाही. मला विचारायची, "तू कोण रे?" आणि विचारता विचारता झडप अर्धी लावायची, बरोबर ज्या क्षणी लावायला हवी त्या क्षणी.

मी आमच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात चूल पेटवली असेल पाच-सहा वेळा. त्यातली एक, तू जन्मलीस तेव्हाची. तुम्ही दोघी हॉस्पिटलातून तिसऱ्या दिवशी घरी येणार म्हणून मी घर गरम करायला घेतलं आणि झडप उघडायलाच विसरलो. तुला घेऊन ती दारात आली तर स्वयंपाकघराची भिंत काळीठिक्कर, खिडक्या सताड उघड्या, आणि मी ओला टॉवेल घेऊन धूर हाकतोय. तिनं तुला माझ्या हातात दिलं, कोटसुद्धा काढला नाही, आणि चुलीपुढे बसली. तू रस्त्यावरचा बर्फ बघ, चूल मला बघू दे, म्हणाली. त्यानंतर विस्तव तिचा आणि लाकडं माझी, अशी वाटणी झाली ती कायमची.

आणि लाकडांचंही सांगतो, कारण तुला वाटतं मी केवळ हट्टानं त्यांना धरून बसलो होतो. गावच्या सामाईक जंगलातून ज्या घराचं धुराडं चालू त्या घराला एक वाटा मिळतो, सप्टेंबरात चिठ्ठ्या निघतात, हे तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून पाहिलेलं आहेस. गेल्या वर्षी माझ्या चिठ्ठीला आला तो वाटा थेट वरच्या घळीतला. जिथं ट्रॅक्टर जात नाही तिथं. डावा खांदा वर होत नाही, कंबर खाली होत नाही. एक-एक ओंडका घसरवत खाली आणायला मला एकोणीस दिवस लागले, आणि त्या एकोणीस दिवसांत दर तासाला मी घळीतून चढून घराकडे बघायचो, धूर सरळ जातोय ना, काळा तर नाही ना. तेव्हा तू शेगडीचं म्हणालीस त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. उलट, कुणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकलं म्हणून हलकं वाटलं.

तू परत गेल्यावर आम्ही दोघं दुइलियोच्या दुकानात गेलो. दुइलियो तुझ्याबरोबर शाळेत होता तो, आता टक्कल पडलंय आणि धुराडी साफ करायला छपरांवर चढायचं सोडून शेगड्या विकतो. त्यानं दोन तास खाल्ले. लाकडाची नवी शेगडी घ्या, तिचं दार कुलपाचं असतं, म्हणाला. मग म्हणाला, पण कुलपाची किल्ली तुम्हीच विसराल. मातीच्या भिंतीची मोठी भट्टी घ्या, एकदा तापवली की दिवसभर बघायला नको. पण तिला बसवायला जमीन खणावी लागते आणि तुमच्या वयात जमीन खणून घेऊ नये. मला हसू आलं नाही. शेवटी त्यानं पेलेटची दाखवली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या, पंधरा किलोची पिशवी, वरच्या टाकीत ओतायची आणि बटण दाबायचं. ती आपली आपण पेटते, आपली आपण विझते, काच आहे पण हात लागू नये म्हणून मधे जाळी आहे. रिमोटसुद्धा आहे. जेम्मा काकूंना यात करण्यासारखं काहीच नाही, असं तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, तो गुण सांगतोय. मलाही तेव्हा तो गुणच वाटला.

तुझी आई तोवर दुकानभर फिरत होती. प्रत्येक शेगडीचं दार उघडायची, आत हात फिरवायची, बोटं बघायची. राखेचा कण नाही. सगळी दारं उघडून झाल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "एकातही विस्तव नाही. ही माणसं जगतात कशी?" दुइलियो हसला. मीही हसलो.

शेगडी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसली. जुनी चूल दोन माणसांनी उचलून लाकडांच्या शेडमध्ये नेली. मी तुझ्या आईला त्या दिवशी मुद्दाम देवळात नेऊन बसवलं होतं, तिनं बघायला नको म्हणून. परत आलो, दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली. हे आपलं घर नाही, म्हणाली. मी तिचा कोट, तिची कपाटं, तुझा फोटो, सगळं दाखवलं. फोटोतल्या मुलीला ओळखलं नाही, पण कोट ओळखला, तेव्हा आत आली. मी बटण दाबलं. शेगडी घुरघुरली, कांड्या आत पडायला लागल्या, काचेमागे ज्वाळा उभी राहिली. मला तर फार बरं वाटलं. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "टीव्ही बंद कर आता. चूल पेटवायची आहे."

तो टीव्ही पुढे रोजचा झाला. स्वयंपाकघरात बावीस अंश, आणि ती कोट घालून, हात काखेत घालून बसलेली. चूल विझली, चूल विझली. पाच वाजता उठायची, काड्यापेटी शोधायची. काड्यापेट्या मी सगळ्या लपवल्या होत्या, मग ती माझे खिसे चाचपायची. चुलीच्या जागी भिंतीवर जो काळा चौकोन उरला होता त्यावर हात ठेवून उभी राहायची. मी म्हणायचो, जेम्मा, गरम आहे बघ, हात लाव. ती हात लावायची, आणि माझं मन मोडू नये म्हणून हो म्हणायची. मग दोन मिनिटांनी परत. दिवसातून चाळीस वेळा, पन्नास वेळा. इलारिया, तू मला कामाचा माणूस म्हणतेस. मी वादळात अठरा-अठरा तास गाडी चालवली आहे. पण बर्फ तुम्हाला प्रश्न विचारत नाही. एका प्रश्नाचं पन्नासावं उत्तर गोड आवाजात देणं मला जमेना. मी शेडमध्ये जाऊन जुन्या चुलीवर बसायला लागलो, पाच-पाच मिनिटं. तिथं थंडी असायची आणि शांतता असायची.

तू म्हणशील, जुनी परत आत का नाही आणली? आणायचा विचार रोज केला. पण निव्हेसचं ते बोलणं डोक्यात होतं, आणि तुला दिलेला शब्द होता. चूल आत आली की आई बाहेर जाणार, एवढाच हिशेब. म्हणून रोज सकाळी मनाशी म्हणायचो, सवय होईल तिला, होईल. तिला नवी सवय कशी व्हायची? तिला जुन्या मोडायच्या तेवढ्या मोडत होत्या, आणि त्यात ही एक मोडत नव्हती.

आता या महिन्याच्या सहा तारखेचं. दोन तारखेचा दिवंगतांचा दिवस होऊन चार दिवस झाले होते, सकाळपासून बर्फ पडत होता. दुपारी सूप खाल्लं, मी खुर्चीत बसलो आणि मला डुलकी लागली. पाव तास, फार तर वीस मिनिटं. तेवढ्यात तुझी आई उठली. तुला हे माहीत नसेल, तुझ्या जन्मापर्यंत ते जवळजवळ संपलं होतं: तिच्या लहानपणी या गावात चूल विझली तर काडी ओढत नसत, शेजारी जाऊन निखारे मागत. राख काढायचं छोटं फावडं घेऊन जायचं, काही बोलायचं नाही, फावडं पुढे करायचं. समोरच्यानं निखारे घालायचे. आभार मानायचे नाहीत, नाहीतर आग धरत नाही म्हणे. आणि विस्तवाला नाही म्हणायचं नाही, भांडण असलं तरी. तुझ्या आईला मी आठवत नव्हतो, पण हे आठवलं. शेडमधून तिनं ते फावडं काढलं, घरातल्या चपला घालून बर्फातून उतरली आणि खालच्या घरातल्या ओत्तीलियामावशीच्या दारात उभी राहिली.

ओत्तीलियामावशी आता अठ्ठ्याऐंशीची आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. आपल्या घरी पेलेटची शेगडी बसली हे तिला ठाऊक होतं. बसवताना येऊन नावंही ठेवून गेली होती. तरी तिनं चुलीतून निखारे काढले आणि फावडं भरून दिलं. दुसऱ्या दिवशी रडत आली होती. "मागितला तर नाही कसं म्हणू रे? ती बोललीसुद्धा नाही, आपण बोलायचो नाही तशी," म्हणाली. मी तिला काय बोलणार? तिच्या हातात फावडं दिसलं असतं तर मीही निखारे घातले असते. या गावात जन्मलेला दुसरं काही करूच शकला नसता.

मला जाग आली ती धुरानं. तुझी आई निखारे सांभाळत, वाऱ्याकडे पाठ करून, ती चढण चढून आली होती. पायवाटेवर एक काळा डाग नव्हता, मी नंतर पाहिलं. घरात येऊन तिनं शेगडीचं वरचं झाकण उघडलं आणि टाकीतल्या सगळ्या कांड्यांवर विस्तव ओतला. कांड्या धुमसत होत्या, पिवळा धूर छतापासून खाली उतरत होता, शेगडी कसलातरी शिट्टीसारखा आवाज करत होती. आणि ती फावडं धरून उभी होती, पाय निळे पडलेले, आणि हसत होती. ऑक्टोबरपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. माझं नाव घेऊन म्हणाली, "सेव्हेरिनो, ऊठ. घर तापलं. तुला गाडी काढायची आहे ना?" किती महिन्यांनी तिनं मला नावानं हाक मारली.

मी तिच्या मनगटावर फटका मारला. फावड्यात अजून दोन निखारे होते, ते तिनं परत टाकीत टाकू नयेत, फावडं सुटावं म्हणून. ते सुटलं. मग मी दुसरा मारला. इलारिया, पहिल्याला कारण होतं. दुसऱ्याला काही कारण नव्हतं. तिनं मागे सरून भिंतीला पाठ लावली आणि मला 'साहेब' म्हणाली. चुकलं साहेब, मी जाते साहेब, असं. मी तिला अंगणात नेऊन कोटात गुंडाळलं, टाकीतल्या कांड्या बादलीनं उपसून बर्फात फेकल्या, गावातले बंब घेऊन येणारे लोक आले तेव्हा विझवायला फारसं काही उरलं नव्हतं. सगळे म्हणाले, देव पावला, दोघं वाचलात. मी मान डोलावली. वाचलात ते आगीतून, असं त्यांना वाटत होतं.

मंगळवारी निव्हेस आली. मनगटावरचा निळा डाग बघून तिनं विचारलं, पडली का? मी खोटं बोलणार होतो, तोंड उघडलंसुद्धा होतं. मग सगळं खरं सांगितलं, दुसऱ्या फटक्यासकट. ती रागावेल, कागदावर काही लिहील, असं वाटलं होतं. तिनं मलम लावलं, बाही खाली ओढली आणि मला विचारलं, "सेव्हेरिनो, तू शेवटचा कधी झोपलास?" मला रडू आलं, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला, आणि तुझ्या आईनं पुढे होऊन आपल्या रुमालानं माझं नाक पुसलं, जसं तुझं पुसायची.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, म्हणजे उरलेलं बळ संपायच्या आत सांगून होईल. तुझी आई घरात नाही. नऊ तारखेपासून ती खालच्या वृद्धाश्रमात आहे. मी स्वतः नेऊन पोचवली, स्वतः सही केली. गेले तीन रविवार तू विचारलंस तेव्हा ती झोपलीय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तुला शब्द दिला होता आणि मोडला, तो चुलीमुळे नाही, शेगडीमुळेही नाही. माझ्या हाताची मला भीती वाटली. मी रोज बाराच्या बसनं जातो, तिला भरवतो, तीनच्या बसनं येतो. तिथं ती बरी आहे, खाते, कधी कुणाच्या तरी केसांची वेणी घालत बसते. मला ओळखत नाही, पण घाबरतही नाही. दुइलियोनं शेगडी दुरुस्त करून दिली आहे. घरी येऊन मी बटण दाबतो, घर तापतं, आणि मी झोपतो. पहिल्या दिवशी दहा तास झोपलो. त्या दहा तासांची मला लाज वाटते, आणि मला ते हवेही होते. दोन्ही तुला सांगायचं होतं, ते फोनवर सांगता आलं नाही. बावीस डिसेंबरचं तुझं तिकीट आहे. विमानतळावरून आधी सरळ तिच्याकडे जा, तिच्याजवळ बस. मग वर माझ्याकडे यायचं की नाही ते तू ठरव, नाही आलीस तरी मी समजेन. पण येणार असशील तर दोन दिवस आधी कळव. तुझी वरची खोली तापायला तेवढा वेळ लागतो.

तुझाच,
पापा